दुसरा भाग

वाचकांच्या त्या ग्रुपमधून मी बाहेर का पडले, हे मला आजवर निदान दहा जणांनी विचारलं असेल. भाजी घेताना विचारलं, लग्नाच्या पंगतीत विचारलं, एकीनं तर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेलो असताना विचारलं. प्रत्येकाला मी वेगळी थाप मारली. फोन बिघडला, डोळ्यांना त्रास होतो, नातवंडं आलीत. खरं कारण सांगायला गेले की मला राग येतो, राग आला की माझा आवाज चढतो आणि आवाज चढला की समोरचा म्हणतो, "जाऊ द्या ना मॅडम." मला जाऊ द्यायचं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

ग्रुपचं नाव 'सध्या काय वाचताय?' निम्मी माणसं अमरावतीची, निम्मी अकोल्याची, दोनचार बडनेऱ्याची. दर रविवारी सकाळी प्रत्येकानं आपण सध्या काय वाचतो आहोत ते लिहायचं आणि एका पुस्तकाची शिफारस करायची. शिफारस केलेलं पुस्तक कुणी मागितलं तर ते द्यायचं, ही अट. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेट, एका महिन्यात अमरावतीत, दुसऱ्या महिन्यात अकोल्यात. कुणाला घाई असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पुस्तक पाठवायचं. पद्धत चांगली होती, हे मी रागातही कबूल करते. माझ्या कपाटातली पुस्तकं अकोल्याच्या अनोळखी घरांतून फिरून परत आली आहेत, कुणाच्या हळदीचा डाग घेऊन, कुणाच्या पोराच्या पेन्सिलीच्या रेघोट्या घेऊन.

त्यात ढोंगीही खूप होते. चहाचा कप, बाजूला चष्मा आणि उघडं पुस्तक, असा फोटो दर रविवारी टाकणारे. नीट पाहिलं तर पान तेच, पहिल्या प्रकरणाचं. अशा लोकांचा मला मनस्वी तिटकारा होता आणि तो मी लपवत नसे.

ग्रुप चालवायचे ते एक निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांचं मराठी इतकं शुद्ध की बोलतानाही स्वल्पविराम ऐकू यायचा. दर सोमवारी ते आदल्या दिवशीच्या शिफारशींमधल्या चुका काढायचे. इथे 'पाहिजेत' हवं, इथे वेलांटी पहिली हवी. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मी स्वतः बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मूळची मी अंजनगाव सुर्जीची. घरी आम्ही 'मले भूक लागली' म्हणायचो. डी.एड.ला गेल्यावर वर्गातल्या मुली हसल्या आणि महिन्याभरात मी ते 'मले' गिळून टाकलं. पुढे बत्तीस वर्षं पोरांच्या वह्यांमध्ये 'मले' दिसलं की त्यावर लाल रेघ मारली. तेव्हा इथे जो राग मी सांगणार आहे तो काही फार स्वच्छ नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आपा मला पहिल्यांदा भेटल्या अकोल्याच्या बैठकीत. सत्तरीच्या आसपासच्या, ठेंगण्या, डोक्यावरून ओढणी. चाळीस वर्षं नवऱ्याबरोबर कापूस पिंजून गाद्या-रजया भरल्या. दुकान आता पुतणे बघत होते. घरात उर्दू, दुकानात वऱ्हाडी आणि वाचायला मराठी, कारण नगरपालिकेच्या मराठी शाळेत त्या सातवीपर्यंत शिकल्या होत्या. सगळे त्यांना आपाच म्हणायचे. त्या दिवशी त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या बाईचं चुकलंच पाहा. सासऱ्यानं येवढं समजावलं, पन ऐकून नाही राह्यली. मंग काय होनार?" आम्हाला वाटलं, शेजारच्या कुणाची तरी भानगड सांगताहेत. पाचदहा मिनिटांनी लक्षात आलं की ती बाई कादंबरीतली आहे. मला इतका आनंद झाला की काय सांगू. बत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याकडून मला पुस्तकाबद्दल असं बोलून घेता आलं नव्हतं. सर मात्र घड्याळाकडे बघत होते.

आपांना मोबाइलवर टाइप करता येत नसे. त्या आवाजाचे निरोप पाठवायच्या, मध्ये मध्ये खोकत. कापसाची धूळ छातीत बसलेली, त्या म्हणायच्या, ती काही आता निघत नाही. मी त्यांना आवाजातच उत्तर द्यायची. बोलता बोलता माझ्याही तोंडून एखादं 'तुमाले' निसटायचं. त्या हसायच्या, "आली पाहा अंजनगावची पोट्टी."

एका रविवारी मी एका कादंबरीची शिफारस केली. धरणात जाणाऱ्या गावातल्या तीन बहिणींची गोष्ट, दोन जाडजूड भागांत. मी चांगल्या आठ ओळी लिहिल्या. 'दोन्ही भाग वाचून संपल्यावर माणूस पहिल्यासारखा राहत नाही,' असं शेवटी लिहिलं. त्यावर बरेच अंगठे आले. आपांनी लगेच पुस्तक मागितलं. रेल्वेत नोकरी करणारे बडनेऱ्याचे एक सभासद रोज अकोल्याला जायचे, त्यांच्या हाती मी पहिला भाग पाठवला.

तीन आठवड्यांत आपांनी तो संपवला. त्या भागाच्या शेवटी गाव उठतं. सगळे ट्रकमध्ये सामान चढवत असतात आणि मधली बहीण कुणाला न सांगता उलट्या दिशेला जाणाऱ्या एका गाडीत बसून निघून जाते. तिथे भाग संपतो. आपांनी सरळ फोन केला.

"मॅडम, ते मधली वापस येते का नाही?"

"ते मी कशी सांगू आपा? मजा जाईल."

"मजा गेली खड्ड्यात. मले जेवन गोड लागून नाही राह्यलं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या घरची मधली बी अशीच गेली व्हती, माही बहीन. चाळीस वर्सं झाली. आमी कोनी तिच्या मागं गेलो नाही. तुमच्या पुस्तकवाल्यानं काय केलं ते पाहाचं हाये मले."

मी म्हटलं, पंधरा दिवसांनी अकोल्यात बैठक आहे, दुसरा भाग मी स्वतः घेऊन येते.

"पक्कं?"

"पक्कं."

फोन ठेवल्यावर मी कपाटातून दुसरा भाग काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि दारापाशी टेबलावर ठेवला. विसरायला नको म्हणून.

पुढच्या रविवारी आपांचा निरोप अक्षरांत आला. फोनला बोलून दाखवलं की तो लिहितो, हे त्यांना मुलीनं शिकवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'मी सध्या तीन बहिणीचं पुस्तक वाचून राहिली. दुसऱ्यांदा. दुसरा भाग मिळे लोक पहिलाच वाचून राहिली.' 'मिळे लोक' म्हणजे मिळेपर्यंत.

त्याखाली सरांनी लिहिलं, 'राहणे म्हणजे वास्तव्य करणे. आपण पुस्तक वाचून मग तिथेच राहता काय? योग्य रूप: वाचते आहे.' पुढे एक हसरा चेहरा. त्याच्याखाली एकामागून एक हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात अकोल्याचे होते, अमरावतीचे होते. घरी जाऊन बायकोला 'भाजी काय करून राह्यली वं?' असं विचारणारी माणसं ती. दात काढून मोकळी झाली.

आपांचं उत्तर आलं. 'हो जी सर. पुस्तकातच राहून राहिली सध्या. जागा मस्त आहे.'

मी स्वयंपाकघरात एकटी मोठ्यानं हसले. पोळी करपली. इतकं नेमकं उत्तर त्या ग्रुपवर कधी कुणी दिलं नव्हतं. पाच मिनिटांनी बघते तर ते जागेवर नाही. सरांनी पुसून टाकलं होतं. वर त्यांची सूचना, 'समूहावर प्रमाण भाषेचाच वापर करावा. बोलीचे कौतुक बोलीच्या जागी.'

तळपायाची आग मस्तकात गेली. बोलीची जागा कोणती हो सर? दुकानाची पायरी? दळणाची रांग? अकोल्यात राहून अकोल्याच्या बाईला तुम्ही सांगणार की तुझी भाषा बाहेर ठेवून आत ये? मी हे सगळं लिहिलं, आणखीही लिहिलं. तासभर लिहीत होते. शेवटी जाहीर केलं की सरांनी आपांची सर्वांसमोर माफी मागेपर्यंत मी बैठकीला पाय ठेवणार नाही. माझ्या त्या लांबलचक लिहिण्यावर दोन अंगठे आले. थोड्या वेळानं त्यातला एक काढून घेतला गेला.

आपा त्यानंतर काहीच बोलल्या नाहीत. ना अक्षर, ना आवाज. त्या दुखावल्या, हे मी धरून चालले. फोन करावा असं मनात आलं, पण म्हटलं, आधी माफी मिळवू, मग रुबाबात फोन करू.

आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. सभासदांना एकेकाला फोन केले. कुणी म्हणालं, सर मोठे आहेत. कुणी म्हणालं, नियम म्हणजे नियम. एक बाई म्हणाली, "पण मॅडम, तुम्ही तर आमच्या मुलाच्या वहीत 'मले' लिहिलं म्हणून शंभर वेळा 'मला' लिहून घेतलं होतं." मी फोन ठेवून दिला. तिच्यावर चिडले, आणि चिडल्यावर सरांना आणखी एक पत्र लिहिलं.

गुरुवारी शेजारच्या वहिनी सहज म्हणाल्या, "उद्या अकोल्याला भाचीकडे चालली. काही द्यायचं आहे का कुणाला?" त्यांची नजर टेबलावरच्या पुडक्याकडेच होती. मी म्हटलं, "नाही. हे मी स्वतः नेऊन देणार. आधी त्या माणसाला माफी मागू दे." मनात मी चित्रही रंगवून ठेवलं होतं. भरल्या सभेत सर मान खाली घालून बोलताहेत, मग मी उठते, सगळ्यांच्या देखत आपांच्या हातात दुसरा भाग ठेवते. त्या चित्रावर मी चार दिवस खूश होते. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

रविवारची बैठक माझ्याशिवाय झाली. ग्रुपवर फोटो आले. सर मध्यभागी, गळ्यात शाल. मी फोटो मोठा करून करून एकेक चेहरा पाहिला. आपा नव्हत्या. मला केवढा अभिमान वाटला! म्हटलं, बाईनं बहिष्कार टाकला. पाठीचा कणा आहे बाईला.

सोमवारी दुपारी आपांच्या नंबरवरून ग्रुपवर निरोप आला. 'सलाम. मी त्यांची मुलगी. अम्मी आता काही वाचत नाही. सगळ्यांना सांगायचं होतं.'

यावर पहिले सर बोलले. 'वाचन थांबवणे हा मतभेदावरील उपाय नव्हे. रुसवा माणसावर असावा, पुस्तकावर नसावा.' आणि मग दार उघडल्यासारखं झालं. शिफारशींवर शिफारशी. वाचनाची गोडी पुन्हा लागावी म्हणून हलक्याफुलक्या कथा सुचवल्या गेल्या. मोठ्या टाइपातलं प्रवासवर्णन सुचवलं गेलं. एकानं मन खंबीर कसं करावं यावरचं पुस्तक सुचवलं. एकीनं लिहिलं, 'माझंही असं झालं होतं, दोन महिने पुस्तक हातात धरवत नव्हतं, मग मी रोज पाच पानांचा नेम केला.' एकानं विचारलं, 'ऐकायची पुस्तकं चालतील का? लिंक देतो.'

आणि मी काय केलं? मी सगळ्यांवर कडी केली. मी सरांना लिहिलं, 'हे तुमचं पाप आहे. एका वाचणाऱ्या बाईचं वाचन तुम्ही बंद पाडलंत.' सरांनी उत्तर दिलं, मी त्याला उत्तर दिलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं आपांच्या नावानं भांडत होतो आणि बाकीचे पुस्तकं सुचवत होते.

आता सांगा. वऱ्हाडातल्या कुठल्याही घरात, कुठल्याही ओसरीवर हे वाक्य बोलून बघा. दवाखान्याच्या पायरीवर बसलेला माणूस जेव्हा म्हणतो, 'म्हातारी आता काही वाचत नाही,' तेव्हा त्याला कुणी विचारत नाही की मोठ्या टाइपातलं चालेल का. अडाणी माणूससुद्धा त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. आम्ही सत्तर-ऐंशी वाचणारी माणसं. त्यात प्राध्यापक, त्यात वकील, त्यात कविता करणारे. एकालाही कळलं नाही. आणि मी, जिनं दरवर्षी परीक्षेत 'पुढील शब्दांचे दोन अर्थ लिहा' हा प्रश्न काढला, जिनं 'वाचणे' हाच शब्द त्यात किती वेळा घातला असेल देव जाणे, त्या मलाही नाही कळलं. आमच्या त्या ग्रुपवर त्या शब्दाचा एकच अर्थ उरला होता. आम्ही तो इतका मिरवला होता की दुसरा अर्थ आहे हेच आमच्या डोक्यातून गेलं होतं.

बुधवारी सकाळी मी आपांना फोन लावला. सरांशी झालेलं भांडण त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं होतं, त्यांच्यासाठी मी किती लढले ते सांगायचं होतं. फोन मुलीनं उचलला.

"आपांना द्या ना जरा. म्हणावं, अमरावतीची मॅडम आहे. त्या सरांना मी सोडलं नाही म्हणावं."



"अम्मी तं काल गेली मॅडम. सकाळी. मिट्टी बी झाली कालच."

तोंडातून काय निघावं माझ्या? मी म्हटलं, "अहो, पण मग कळवलं कसं नाही?"

"सांगतलं तं व्हतं," ती म्हणाली. "डॉक्टरनं हात टेकले, तवाच लिहिलं ना ग्रुपवर, अम्मी वाचत नाही म्हनून. तं तुमी सगळे पुस्तकंच सांगून राह्यले. मले वाटलं, तुमच्यात अशीच रीत असन."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं. माणूस जायला लागलं की हे शिकलेले लोक पुस्तकांची नावं घेतात, असेल बाबा काही.

मी ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. मिनिटभरात श्रद्धांजल्या सुरू झाल्या. जोडलेले हात, पांढरी फुलं. जे परवा पाच पानांचा नेम सांगत होते तेच. कुणी एका शब्दानं म्हटलं नाही की आपण काय करून बसलो. एकानं तर आपली लिंक चुपचाप पुसून टाकली. सरांनी परिच्छेद लिहिला, एकही चूक नसलेला, शेवटी 'अखेरच्या श्वासापर्यंत वाचनाशी इमान राखणारी ज्ञानपिपासू भगिनी'. मी तो पूर्ण वाचला. मग शिवी लिहिली. अंजनगावची, अस्सल, जिच्यात शुद्धलेखनाची एकही चूक काढता आली नसती. पाठवली नाही. ग्रुपमधून बाहेर पडले. कारण विचारणाऱ्यांनो, हे ते कारण. पण पूर्ण नाही.

गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं मी अकोल्याला गेले. जाताना टेबलावरचं पुडकं उचललं. का, ते मला विचारू नका. रिकाम्या हातानं जाववलं नाही.

घर दुकानाच्या मागेच होतं. अंगणात गादीचं कापड वाळत घातलेलं. बायका येऊन-जाऊन होत्या. मुलगी चाळिशीची, उर्दू शाळेत शिकवणारी. तिनं मला आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. मी आल्या आल्या सुरुवात केली, कारण रागाशिवाय मला काही येत नाही. म्हटलं, "त्या माणसानं तुमच्या आईचा अपमान केला, त्यांनी तो मनाला लावून घेतला..."

"कोन्या मानसानं?"

"सरांनी. त्या 'वाचून राहिली'वरून."

"अच्छा, ते," ती म्हणाली आणि त्या दिवसांतही किंचित हसली. "त्याच्यावर तं अम्मी लय हासली व्हती. दवाखान्यात नर्सले सांगे, मी पुस्तकात राह्यतो, घरी नाही राहत, पत्ता पुस्तकाचाच लिहा. दोनच दिवसांनी छाती भरून आली ना तिची, आमी भरती केलं. फोन मंग माह्यापाशीच व्हता."

म्हणजे आपा दुखावल्याच नव्हत्या. त्यांनी बहिष्कार टाकला नव्हता. त्यांना श्वास घेता येत नव्हता. इकडे मी त्यांच्या अपमानाचं युद्ध खेळत होते, ज्या अपमानाचं त्यांनी हसून कधीच वाटोळं केलं होतं. दुखावले होते ती मी. ते 'मले' माझं होतं, डी.एड.च्या वर्गातलं.

"रोज विचारे," मुलगी म्हणाली. "मॅडमनं पुस्तक धाडलं का? मी म्हनलं, फोन करतो त्याईले. तं म्हने, नको, इतवारी येऊन राह्यल्या त्या. पक्कं म्हनल्या. इतवारी दुपारलोक दाराकडेच पाहे."

शुक्रवारी वहिनी अकोल्याला गेल्या होत्या. भाचीचं घर त्या दवाखान्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. हे मी मुलीला सांगितलं नाही. इथे लिहिते आहे.

"मंग तिनं सोताच बनवलं," ती पुढे म्हणाली.

"काय?"

"दुसरा भाग. इतवारी दुपारून सांगत बसली मले. दम लागे, मंग थांबे, मंग सांगे. मधली वापस येते म्हने. पन गाव पान्यात गेलेलं. ते धरनाच्या भिंतीवर बसते अन् येनाऱ्या-जानाऱ्याले विचारते, आमच्या गावचे लोक कुठीसा गेले? कोनी काही सांगते, कोनी काही सांगते. गावोगाव फिरते. आखरीले मोठीचं घर सापडते. मोठी दार उघडते अन् म्हने, जेवन झालं का वं तुहं? येवढंच. बाकी काहीच नाही विचारत." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "हे सांगून अम्मी म्हने, मॅडम आल्या की विचारजो, मी सांगतलं ते जमलं का."

मग तिनं माझ्या मांडीवरच्या पुडक्याकडे पाहिलं. "हेच हाये का ते? सांगा ना मॅडम. वापस येते का मधली? अम्मीचं बरोबर निंघालं का?"

खोलीत आणखी दोन बायका होत्या. त्याही माझ्याकडे बघायला लागल्या.

मला माहीत नव्हतं. मी तो भाग वाचलेलाच नव्हता. पहिला भाग मी सहा वर्षांपूर्वी खरंच आवडीनं वाचला, लगेच दुसरा आणला, पहिल्या प्रकरणाची चार पानं वाचली आणि मग काहीतरी आलं, निवृत्तीचा समारंभ की मुलीचं बाळंतपण, आणि तो कपाटात गेला तो गेलाच. ग्रुपवर 'दोन्ही भाग' लिहिताना माझी बोटं अडखळलीसुद्धा नाहीत. आपांनी फोनवर विचारलं तेव्हा 'मजा जाईल' म्हणाले, कारण सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. त्यानंतरचे पंधरा दिवस पुस्तक टेबलावर पडलं होतं. त्या दिवसांत मी सरांना लिहिलेली पत्रं एकत्र केली तर त्याहून जाड होतील. तेवढ्या वेळात दोनदा वाचून झालं असतं.

हो म्हणावं, असं ओठांवर आलं. हो, येते परत, अगदी तुमच्या अम्मीनं सांगितलं तसंच. मुलगी किती समाधानानं रडली असती. पण ती शाळामास्तरीण होती, पुस्तक समोर होतं, आणि एवढ्या सगळ्यावर आणखी एक थाप मला मारवेना.

"मी दुसरा भाग वाचला नाही," मी म्हटलं.

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "नाही वाचला?"

"नाही."

तिनं पुडकं माझ्या मांडीवरून उचललं, कागद सोडवला, पुस्तक उघडलं. नव्या पुस्तकाची पाठ करकरते तशी ती करकरली. मधली पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. तिनं नखानं दोन सोडवली आणि माझ्याकडे बघितलं.

"मंग दुसऱ्याईले वाचा म्हनून काहून सांगतलं?"

तिनं रागानं विचारलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. पण ती रागावली नव्हती. तिला ते खरंच समजत नव्हतं, आणि ती उत्तराची वाट बघत होती.